परदेशात हरणाच्या शिकारीला जाताय? आधी खांद्याला झेपणारं काडतूस निवडा

भारतात शिकारीला बंदी आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, १९९१ च्या दुरुस्तीनंतर तर शौकाच्या शिकारीची उरलीसुरली वाटही बंद झाली, आणि ते योग्यच झालं. येऊरला चितळ दिसलं तर थांबून बघायचं, आवाज करायचा नाही, बस. मी हे लिहितोय ते आपल्या ठाणे, ऐरोली, वाशीकडून नोकरीसाठी नाहीतर शिकायला बाहेर गेलेल्या मंडळींसाठी. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला सरकारच लायसन्स देतं, सीझन ठरवून देतं, कोणी किती मारायची तेही ठरवून देतं. मग नोव्हेंबर आला की ऑफिसातला कोणीतरी म्हणतो चल या वीकेंडला, आणि मग रात्री अकरा वाजता मला मेसेज येतो की दादा रायफल कुठली घेऊ. मी टेक्सासला नोकरीला असताना हे सगळं शिकलो, आता ठाण्यात परत आलोय, पण हा प्रश्न काही थांबत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

पण त्याआधी कागदपत्रं. एच-वन-बी, एफ-वन, टुरिस्ट असल्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या फेडरल कायद्यानं बंदूक काय, साधं काडतूसही जवळ बाळगायला बंदी आहे. याला जे थोडे अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्यातरी राज्यानं दिलेलं, मुदतीतलं हंटिंग लायसन्स. म्हणजे क्रम असा, आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स (टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो लागतो), मग लायसन्स, आणि त्यानंतरच बंदुकीला हात. "मित्राचीच रायफल आहे, एकच राउंड मारून बघतो" हे लायसन्सशिवाय करू नका, कळकळीनं सांगतोय, ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसानं असली रिस्क घ्यायची नसते. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, मित्राला नाही.

आता मुद्द्यावर येतो. नवीन माणूस दुकानात जातो आणि काउंटरवरचा त्याला सांगतो की थर्टी-ऑट-सिक्स घे, नाहीतर सरळ .३०० विंचेस्टर मॅग्नम घे, पुढे एल्क (खूप मोठं हरीण) मारायला पण चालेल. (नावातला आकडा म्हणजे ढोबळमानानं गोळीची जाडी इंचात, आणि मॅग्नम म्हणजे जास्त दारूचं काडतूस.) माझं म्हणणं बरोबर उलट आहे. हरणासाठी पहिलं काडतूस असं हवं की ज्याचा धक्का तुम्हाला घाबरवणार नाही, कारण घाबरलेला माणूस कितीही भारी काडतूस घेऊन बसला तरी गोळी पोटात नाहीतर पायात घालणार, आणि ते हरीण रात्रभर कुठल्यातरी झुडपात तडफडत राहणार. शिकार करायचीच असेल तर त्या जनावराचं आपल्यावर एवढं तरी देणं आहे की ते एका गोळीत, काही सेकंदांत संपलं पाहिजे.

आपल्याकडच्या लोकांचा एक वेगळाच प्रॉब्लेम होतो. इथे नेमबाजी शिकलेली बरीच मुलं आहेत, २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेनं पन्नास मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ आणल्यावर तर अजून वाढली, पण ही सगळी मंडळी शिकते दहा मीटर एअर रायफलवर, फार तर पॉइंट टू-टू वर. त्या रायफली जड, त्यात धक्का जवळजवळ नाहीच. त्यामुळे यांचं ट्रिगर दाबणं सुंदर असतं, श्वासावर कंट्रोल असतो, आणि मग हातात हलकी हंटिंग रायफल येते, पहिला बार उडतो आणि माणूस हादरतो. पहिला बार नेमका बसतो, कारण माहितीच नसतं काय होणार ते, तिसऱ्या-चौथ्या बारापासून डोळे मिटायला लागतात, खांदा पुढे जातो, बोट ट्रिगरला हिसका देतं. याला तिकडे फ्लिंच म्हणतात, आणि एकदा लागलेली ही सवय सुटायला महिने जातात.

धक्का कशावर ठरतो ते समजून घेतलं की निवड अर्धी झालीच. चार गोष्टी, गोळीचं वजन, गोळीचा वेग, आतल्या दारूचं वजन आणि रायफलचं वजन. पहिल्या तीन वाढल्या की धक्का वाढतो, चौथी वाढली की कमी होतो. दारूचं वजन लोक विसरतात, पण नळीतून गोळीबरोबर तो गॅसही तेवढ्याच जोरात बाहेर पडत असतो, म्हणूनच मॅग्नम काडतूस गोळी तीच ठेवूनसुद्धा जास्त लाथ मारतं. रायफल आठ पाउंडांची, म्हणजे साधारण साडेतीन किलोची धरली तर धक्क्याची एनर्जी अंदाजे अशी येते: .२२३ ला चारच्या आत, .२४३ विंचेस्टरला नऊच्या आसपास, ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम-०८ ला तेरा-चौदा, .३०८ ला सोळा, थर्टी-ऑट-सिक्सला वीसच्या वर आणि .३०० मॅग्नमला तीसपर्यंत. हे सगळं फूट-पाउंडात, म्हणजे एनर्जीच्या तिकडच्या मापात. कंपनी, गोळी बदलली की आकडा एक-दोननं इकडेतिकडे होतो, पण क्रम तोच राहतो. माझा अनुभव असा आहे की पंधराच्या खाली बहुतेकांना नीट शिकता येतं, वीसच्या वर गेलं की नवीन माणसाचा निशाणा दिसेल इतका बिघडतो.

आणि धक्का किती हे जितकं महत्त्वाचं तितकंच तो किती झटकन येतो हेही. सकाळच्या गर्दीत ठाणे स्टेशनला मागून गर्दीचा रेटा येतो तो आपण सहन करतो, पण तेवढ्यात कोणाचं कोपर बरगडीत बसलं की कळ जाते, तसंच आहे हे. हलक्या रायफलचा धक्का कोपरासारखा येतो, जड रायफलचा रेट्यासारखा.

आता हरणाला नेमकं किती लागतं? पांढऱ्या शेपटीचं हरीण, म्हणजे व्हाइटटेल, टेक्सासच्या हिल कंट्रीमध्ये तसं लहानच असतं, मोठा नर पन्नास-साठ किलोचा वगैरे, उत्तरेकडे मिशिगन, मिनेसोटाकडे तोच शंभर किलोच्या वर जातो. पण दोन्हीकडे मारायची जागा तीच, पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीची खालची अर्धी बाजू, जिथे हृदय आणि फुफ्फुसं आहेत, साधारण आठ इंची कागदी डिशएवढी जागा. तिथे बरोबर फुलणारी, म्हणजे आत गेल्यावर पसरणारी गोळी गेली की काडतूस .२४३ होतं की मॅग्नम होतं याने त्या हरणाला काहीच फरक पडत नाही. जुन्या लोकांचा ढोबळ नियम आहे की हरणापर्यंत पोचताना गोळीत हजार फूट-पाउंड एनर्जी उरलेली असावी. कोलोरॅडोनं तर हे कायद्यातच घातलंय, शंभर यार्डांवर (यार्ड म्हणजे मीटरपेक्षा थोडं कमी) हजार फूट-पाउंड, शिवाय कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, किमान .२४ आणि हरणासाठी गोळी किमान सत्तर ग्रेनची. (ग्रेन म्हणजे फार छोटं माप, शंभर ग्रेन म्हणजे साडेसहा ग्रॅम.)

म्हणजे .२२३ बाद का, तर काही राज्यांत ते कायदेशीर आहे, न्यूझीलंडमध्ये लोक वापरतात सुद्धा, पण नवीन माणसाला मी ते कधीच सुचवणार नाही. गोळी इतकी लहान की चुकीला जागाच राहत नाही.

आणि .३०८ पासून पुढची धक्क्यामुळे सोडली की मग राहिली तीन. पहिलं .२४३ विंचेस्टर. १९५५ सालचं काडतूस, .३०८ ची पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) घेऊन तिचं तोंड सहा मिलिमीटरपर्यंत बारीक केलेलं. शंभर ग्रेनची गोळी, साधारण २९६० फूट प्रति सेकंद वेग, नळीतून निघताना १९०० च्या वर फूट-पाउंड. धक्का अगदी सुसह्य, काडतूस प्रत्येक गावातल्या दुकानात मिळतं. इंग्लंडमध्ये असाल तर तिथेही मोठ्या हरणांसाठी कायद्याची किमान अट .२४० कॅलिबर आणि १७०० फूट-पाउंड आहे, .२४३ बरोबर त्यात बसतं, तिकडे ते इतकं चालतं त्याचं हेही एक कारण. पण याला "बायकामुलांचं काडतूस" म्हणून विकतात ते मला अजिबात पटत नाही. एक तर बाई मोठं काडतूस मारू शकत नाही हे कोणी ठरवलं, आणि दुसरं, .२४३ खरं तर जास्त शिस्त मागतं. हरीण आडवं उभं असेल, अंतर दोनशे यार्डांच्या आत असेल तर बिनचूक काम करतं, पण हरीण तिरकं उभं असेल, खांद्याच्या जाड हाडातून गोळी घालायची असेल, तर शंभर ग्रेनची गोळी कमी पडू शकते. अंगानं अगदी बारीक माणूस, किंवा ज्याला धक्क्याची खरोखर भीती बसली आहे, त्यानं हे घ्यावं, आणि तिरका शॉट सोडून द्यायची मनाशी गाठ मारून घ्यावी.

दुसरं ६.५ क्रीडमूर, हॉर्नडी कंपनीनं २००७ मध्ये काढलं ते टार्गेटच्या मॅचेससाठी, शिकारीत नंतर पसरलं. १४० ग्रेनच्या आसपासची लांब, निमुळती गोळी, वाऱ्यात कमी हलते, लांबवर वेग टिकवून धरते. दहा मीटर, पन्नास मीटर खेळून आलेल्या आपल्या मुलांना हे लगेच आवडतं कारण यातली फॅक्टरी काडतुसंसुद्धा एका जागी ग्रुप देतात, म्हणजे गोळ्या जवळजवळ बसतात. धोका एकच आहे, याची इतकी तारीफ ऐकलेली असते की माणूस चारशे-पाचशे यार्डांवर मारायला बघतो. काडतूस पोचेल हो, पण वारा ओळखायला तुम्ही शिकलाय का? नवीन असाल तर दोनशे यार्ड ही मर्यादा आहे तीच ठेवा.

तिसरं ७ एमएम-०८ रेमिंग्टन, १९८० चं, हेही .३०८ च्याच पुंगळीतून निघालेलं. १४० ग्रेन, २८०० फूट, २४०० च्या आसपास फूट-पाउंड. माझी निवड विचाराल तर हे. गोळी .२४३ पेक्षा जाड, हाडातून जाते, आरपार जाऊन दुसरीकडे भोक पाडते, त्यामुळे रक्ताचा माग राहतो आणि हरीण सापडतं, आणि एवढं असून धक्का .३०८ पेक्षा कमी. गाजावाजा कमी म्हणून काही छोट्या दुकानांत काडतुसं शोधावी लागतात, एवढीच अडचण. साधारण उंचीच्या, निरोगी माणसानं पहिली रायफल म्हणून ७ एमएम-०८ किंवा क्रीडमूर घ्यावी, दोन्हीत फरक एकोणीस-वीसचा आहे, जे तुमच्या गावात स्वस्त आणि सहज मिळतं ते घ्या.

बाकी .२५७ रॉबर्ट्स, .२६० रेमिंग्टन, स्वीडिश ६.५ बाय ५५ ही सगळी गुणी काडतुसं आहेत, कोणी जुनी रायफल प्रेमानं देत असेल तर नाही म्हणू नका, पण नवीन विकत घेताना या भानगडीत पडू नका. .३०-३० चं मात्र वेगळं सांगतो, १८९५ पासूनचं आहे, लिव्हर रायफलीत (खालचा दांडा ओढून काडतूस भरायची रायफल) येतं, दाट जंगलात शंभर-दीडशे यार्डांच्या आत आजही उत्तम, पण त्या रायफली हलक्या असतात, त्यामुळे कागदावर दिसतो त्यापेक्षा धक्का जास्त जाणवतो.

ओहायो, आयोवा, इंडियाना, मिशिगनचा दक्षिण भाग इकडे असाल तर वरची यादी घेऊन दुकानात जायच्या आधी राज्याची चालू वर्षाची नियमावली वाचा. या सपाट, वस्तीच्या भागांत रायफलीच्या काडतुसांवर वेगवेगळे निर्बंध घातलेत, बऱ्याच ठिकाणी सरळ भिंतीच्या, म्हणजे तोंडाशी बारीक न होणाऱ्या पुंगळीचं काडतूस मागतात, आणि ते नियम मधूनमधून बदलतात. तिथे कमी धक्क्याचा पर्याय म्हणजे .३५० लेजंड, विंचेस्टरनं २०१९ मध्ये हाच नियम डोळ्यासमोर ठेवून काढलेलं, धक्का साधारण .२४३ एवढाच, पण दीडशे यार्डांच्या पुढे त्याच्याकडून अपेक्षा करू नका.

काडतूस ठरलं की गोळी कुठली हा प्रश्न उरतोच, आणि इथे लोक सगळ्यात निष्काळजीपणा करतात. .२४३ च्या डब्यात ५५ ग्रेनची गोळी पण मिळते आणि १०० ची पण, दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवलेले असतात. ५५ वाली कोल्हे, खारी असल्या छोट्या प्राण्यांसाठी, ती हरणाच्या कातडीखाली लगेच फुटून जाते, वर मोठी जखम आणि आत काहीच नाही. डब्यावर हरणाचं चित्र किंवा "डिअर" लिहिलेलं आहे का बघा, नॉस्लर पार्टिशन, हॉर्नडी इंटरलॉक, फेडरल फ्यूजन ही नावं सुरुवातीला पुरेशी आहेत. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी अजिबात चालत नाही, बिनशिशाचीच लागते, म्हणजे बहुतेक वेळा तांब्याची. आणि कायदा नसला तरी मी तांब्याची गोळी सुचवीन, एक तर ती फुटून मांसात शिशाचे कण पसरत नाहीत, घरात लहान मुलं ते मांस खाणार असतील तर हे फार महत्त्वाचं आहे, आणि दुसरं, तांब्याची गोळी हलकी असली तरी वजन न गमावता खोल जाते, म्हणून .२४३ ला ऐंशी-पंच्याऐंशी ग्रेन आणि ७ एमएम-०८ ला १२० ग्रेन चालून जातात. गोळी हलकी म्हणजे धक्काही अजून थोडा कमी.

तांबं शिशापेक्षा हलकं असल्यानं तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला नळीतल्या आट्यांचा (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा) पीळ जास्त लागतो. याचं एक फार बोलकं उदाहरण आहे. १९५५ मध्ये .२४३ आलं त्याच वर्षी रेमिंग्टननं .२४४ काढलं, पुंगळी उलट जरा मोठीच, पण नळीचा पीळ बारा इंचात एक फेरा. त्यांनी ते छोट्या प्राण्यांसाठी धरलं होतं, शंभर ग्रेनची हरणाची गोळी त्यात भरवशानं स्थिर राहीना. विंचेस्टरनं दहा इंचात एक फेरा दिला होता. लोकांनी .२४३ उचललं, रेमिंग्टननं १९६३ मध्ये पीळ वाढवून त्याच काडतुसाला ६ एमएम रेमिंग्टन असं नवं नाव दिलं, तोपर्यंत बाजार गेला होता. तेव्हा सेकंडहँड रायफल घेताना तिचा पीळ किती हे विचारा, आणि तांब्याच्या गोळीच्या डब्यावर जो आकडा मागितलाय त्याच्याशी जुळतोय का बघा.

रायफलचं वजन. दुकानात सहा पाउंडांची रायफल हातात घेतली की फार छान वाटते, दिवसभर खांद्यावर जड होणार नाही असं वाटतं. पण तेच काडतूस आठऐवजी सहा पाउंडांच्या रायफलीतून मारलं तर धक्क्याची एनर्जी एक तृतीयांशानं वाढते. म्हणजे ७ एमएम-०८ घेऊनही तुम्ही .३०८ च्या वर जाऊन पोचलात. दुर्बीण धरून साडेसात-आठ पाउंड ठेवा.

दस्त्याची लांबी, म्हणजे ट्रिगरपासून खांद्याला टेकणाऱ्या टोकापर्यंतचं अंतर, तितकीच महत्त्वाची. तिकडच्या फॅक्टरी रायफलींचा दस्ता साधारण साडेतेरा इंचांच्या आसपास असतो, सहा फुटी माणसाला ठीक, आपल्याकडच्या पाच फूट दोन-तीन इंचांच्या माणसाला लांब पडतो, मग मान पुढे ताणायची, दस्ता खांद्याच्या खोबणीऐवजी दंडावर टेकवायचा, आणि मग निळंकाळं होतं. कॉम्पॅक्ट किंवा यूथ मॉडेल घ्यायला लाजू नका, नाहीतर गनस्मिथकडून दस्ता कापून मागे चांगलं रबराचं पॅड बसवून घ्या. दुर्बिणीपासून डोळा किमान साडेतीन इंच लांब राहतोय ना ते झोपून, बसून, उभं राहून तिन्ही प्रकारे तपासा, कपाळावर दुर्बिणीची कडा बसली की फ्लिंच लागलाच समजा. नळीच्या टोकाला लावायचा मझल ब्रेक धक्का खरंच कमी करतो, पण आवाज इतका वाढवतो की शेजारी बसलेल्याच्या कानाचं नुकसान होईल, आणि फ्लिंच निम्मा आवाजाचाच असतो. म्हणून नवीन माणसाला मी ब्रेक सुचवत नाही. कानात बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही घाला, फरक पहिल्या बारातच कळतो.

विकत घ्यायच्या आधी मारून बघा. तिकडच्या बऱ्याच रेंजवर भाड्यानं रायफल मिळते. बेंचवर बसून मारताना धक्का सगळ्यात जास्त लागतो कारण शरीर मागे जाऊ शकत नाही, तेव्हा बेंचवर रायफल झिरो करण्यापुरतंच (दुर्बिणीचा नेम आणि गोळी पडते ती जागा जुळवण्यापुरतंच) बसा, बाकी उभं राहून, गुडघ्यावर, काठीच्या आधारानं मारा. एका दिवशी वीस बार खूप झाले. मग फ्लिंचची परीक्षा घ्या, सोबत्याला सांगा की रायफलमध्ये कधी खरं काडतूस घाल, कधी डमी घाल, मला दाखवू नको. नळी कायम टार्गेटच्या दिशेनं. डमीवर ट्रिगर दाबल्यावर नळीचं टोक खाली झुकलं की उत्तर मिळालं, हे काडतूस तुमच्यासाठी अजून जड आहे. तेव्हा एक पायरी खाली या, किंवा त्याच रायफलीसाठी कमी धक्क्याची काडतुसं मिळतात ती घ्या, आणि मध्ये काही दिवस फक्त ड्राय, म्हणजे काडतुसाशिवाय, प्रॅक्टिस करा, ते तर आपल्या एअर रायफलच्या मुलांना पाठच आहे.

आठ इंची कागदी डिश लावा आणि शिकारीत बसणार त्याच पद्धतीनं बसून पाच बार मारा. पाचही डिशमध्ये पडतात तेवढं अंतर तुमचं. पन्नास यार्ड येत असेल तर पन्नास यार्ड, त्यात कमीपणा काही नाही, हरणाला जवळ येऊ द्यायचं. हे ठरलं की त्याच लॉटचे दोन-तीन डबे एकदम घेऊन ठेवा, सीझन सुरू झाल्यावर दुकानात तुमची गोळी शिल्लक असेलच असं नाही, आणि गोळी बदलली की झिरो पुन्हा करावा लागतो.